वाकलेल्यांनाही मंडळीत जागा होती

26 जून 250 रोजी इजिप्तमधल्या एका खेड्यात एका म्हाताऱ्याने गावच्या सरकारी समितीपुढे अर्ज ठेवला. नाव ऑरेलियस डायोजिनिस, बापाचे नाव सताबूस, वय 72, ओळखीची खूण उजव्या भुवईवरचा व्रण. मजकूर ठरीव होता: मी आजवर देवांना बळी वाहत आलो आहे, आत्ताही हुकमाबरहुकूम तुमच्या डोळ्यांदेखत बळी दिला, मद्याची धार सोडली, प्रसाद चाखला, तरी तसा दाखला मिळावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिले. त्यातला एक तर मगरदेवाच्या पुजारणीचा आहे. म्हणजे हा कागद फक्त संशयितांकडून मागितला जात नव्हता, सगळ्यांकडूनच मागितला जात होता.

हुकूम सम्राट डेसियसचा. तो 249 साली गादीवर आला आणि काही महिन्यांतच त्याने फर्मान काढले की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यावा आणि दिल्याचा दाखला जवळ ठेवावा. त्यापूर्वी 212 साली सम्राट कॅराकॅलाने जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिले होते. त्या दाखल्यांवर इतके ऑरेलियस आणि ऑरेलिया दिसतात ते त्यामुळेच, कारण नव्या नागरिकांनी त्याच्या घराण्याचे नाव लावले. सगळे नागरिक झाले, मग सगळ्यांकडून निष्ठेचा पुरावा मागणेही शक्य झाले. ख्रिस्ती लोकांपुढे असा प्रसंग यापूर्वी आलेला नव्हता.

आमच्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समाजांत, आद्य ख्रिस्ती लोकांची गोष्ट सांगतात तेव्हा रिंगणातले सिंह येतात, भुयारातल्या प्रार्थना येतात, हसतमुखाने मरणाला सामोरे गेलेले रक्तसाक्षी येतात. त्या गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगितल्याच पाहिजेत. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये 203 साली तान्हे मूल मागे ठेवून मरणाला गेलेली बाविशीतली पर्पेतुआ आणि तिच्याबरोबर तुरुंगात बाळंत झालेली दासी फेलिसिती यांच्यापुढे मी आजही नतमस्तक होतो. पण या कथनातून एक मोठा जनसमूह गळून पडतो. डेसियसच्या वर्षी कार्थेजच्या मंडळीतले बहुसंख्य लोक वाकले. त्यांनी बळी दिला, धूप टाकला किंवा पैसे चारून खोटा दाखला घेतला. छळाची लाट ओसरली तेव्हा हे लोक रडत मंडळीच्या दाराशी आले. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न माझ्या मते आद्य ख्रिस्ती समाजापुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता, सिंहांपेक्षाही अवघड. त्याला त्या समाजाने दिलेले उत्तर हे त्याचे मोठे कर्तृत्व आहे आणि आपण ते विसरलो आहोत.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पहिली तीनशे वर्षे अखंड छळ चालू होता असे नाही. नीरोने 64 साली रोममध्ये केलेली कत्तल भयंकर होती, पण ती एका शहरापुरती होती. सुमारे 112 साली बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला विचारतो की या लोकांचे करू काय. ट्रेजन कळवतो की त्यांना शोधत फिरू नये, निनावी तक्रारींची दखल घेऊ नये, रीतसर आरोप सिद्ध झाला तर शिक्षा द्यावी आणि देवांची पूजा करून दाखवणाऱ्याला माफी द्यावी. म्हणजे ख्रिस्ती माणसाचे आयुष्य सम्राटापेक्षा शेजाऱ्याच्या मर्जीवर टांगलेले होते. उसनवारीवरून भांडण झाले, पीक बुडाले, भूकंप झाला, की कोणीतरी बोट दाखवायचे. वर्षानुवर्षे काही घडत नसे आणि एखाद्या सकाळी सगळे घडत असे. प्लिनीच्याच पत्रात काही जण सांगतात की आम्ही पूर्वी ख्रिस्ती होतो, पण सोडून दिले, काहींनी तर वीसेक वर्षांपूर्वी. तेव्हा माघार घेणारे डेसियसच्या काळात अचानक उगवले नव्हते. नव्या करारात तर पेत्र स्वतःच तीनदा येशूला नाकारतो, आणि त्याच माणसावर मंडळी उभी राहते.

गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लियों शहरात 177 साली जे झाले त्याचे पत्र जुना ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस याच्या इतिहासात जपलेले आहे. जमावाने आधी ख्रिस्ती लोकांना हमाम आणि बाजारातून हुसकले, मग धरपकड झाली. काहींच्या घरातल्या गुलामांनी छळाच्या भीतीने साक्ष दिली की हे लोक लेकरे खातात. पकडलेल्यांपैकी सुमारे दहा जणांनी विश्वास नाकारला. त्यात बिब्लिस नावाची एक बाई होती. तिने आधीच नाकारले होते, तरी इतरांविरुद्ध साक्ष मिळावी म्हणून तिला पुन्हा यातना दिल्या. त्या यातनांत ती जणू झोपेतून जागी झाली आणि म्हणाली, ज्यांना जनावराचे रक्तही खायची मनाई आहे ते लेकरे कशी खातील? मग तिने आपण ख्रिस्ती असल्याचे कबूल केले आणि तिची गणना रक्तसाक्षींत झाली. त्याच छळात शेवटपर्यंत न वाकलेल्या ब्लांदिना या दासीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते, बिब्लिसची नसते. त्याच पत्रात पुढे आहे की तुरुंगात टिकून राहिलेल्यांनी पडलेल्यांपुढे बढाई मारली नाही, आईच्या मायेने त्यांच्यासाठी आसवे ढाळली. मला हे वाक्य ब्लांदिनाच्या धैर्याइतकेच मोलाचे वाटते.

आता कार्थेज. तिथला बिशप सिप्रियन हा श्रीमंत, वक्तृत्वात निपुण, ख्रिस्ती होऊन उणीपुरी तीन-चार वर्षे झालेला माणूस. फर्मान आले तेव्हा तो लपून बसला आणि पत्रांनी मंडळी चालवू लागला. रोमच्या वडीलवर्गाने, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, कार्थेजच्या वडीलवर्गाला त्याच्यावर टोमणा मारणारे पत्र धाडले, त्यात कळप सोडून पळणाऱ्या भाडोत्री मेंढपाळाची आठवण दिली होती. 251 साली परतल्यावर त्याने वाकलेल्यांवर एक प्रबंध लिहिला. त्यात त्याने उभे केलेले दृश्य अंगावर येते: लोक अटक होण्याआधीच चौकाकडे धावत आहेत, दिवस मावळला म्हणून अधिकारी उद्या या म्हणतात तर आजच उरका म्हणून विनवत आहेत, आईबाप कडेवरच्या लेकरांनाही वेदीपाशी नेत आहेत. सिप्रियनचा राग मुख्यतः धनलोभावर आहे. जमीनजुमला सुटला नाही म्हणून विश्वास सुटला, असे तो म्हणतो.

इथे मी सिप्रियनशी सहमत नाही. ज्याच्या वाड्यावर पन्नास कुळे जगतात त्याची मालमत्ता जप्त झाली तर उपाशी कोण राहते? पुढे एका दीर्घ पत्रात स्वतः सिप्रियननेच हा हिशेब नीट मांडला. तो म्हणतो, सगळ्यांना एका तागडीत तोलू नका. एक जण हुकूम निघताच आनंदाने बळी द्यायला गेला, दुसरा शेवटपर्यंत झगडून नाइलाजाने गेला. एकाने बायकामुलांसह सगळे घरदार वेदीपाशी ओढून नेले. दुसऱ्याने सगळ्यांच्या वतीने एकट्याने जाऊन बळी दिला आणि बायको, मुले, कुळे, मित्र यांना त्यातून वाचवले. या माणसाला काय म्हणायचे? त्याने पाप केले असे सिप्रियन मानतो. पण घरच्यांवर येणारे त्याने स्वतःवर घेतले हेही तो पाहतो. रागाने सुरुवात केलेल्या माणसाला माणसांची खरी प्रकरणे समोर आल्यावर असे बारकाईने पाहता आले, हे मला त्याच्या विद्वत्तेपेक्षा मोठे वाटते.

दरम्यान तुरुंगातल्या टिकून राहिलेल्यांनी स्वतःच माफीच्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली होती. ज्यांनी यातना सोसल्या त्यांचा शब्द देवापाशी चालतो अशी लोकांची श्रद्धा. काही चिठ्ठ्यांवर ‘अमक्याला त्याच्या माणसांसह’ एवढेच लिहिलेले. माणसांसह म्हणजे किती? वीस? तीस? सिप्रियन वैतागला आणि ते रास्त होते, कारण चौकशीशिवायची माफी म्हणजे ज्याची ओळख त्याची सोय. पण या पत्रव्यवहारात एक असे प्रकरण आहे की ते वाचल्यावर नियमांपलीकडे पाहावेच लागते. रोममध्ये न्युमेरिया आणि कँदिदा या दोघी वाकल्या होत्या. त्यातली एक बळी द्यायला निघाली, वाटेत थांबली आणि पैसे भरून सुटली. पुढे कार्थेजहून परागंदा होऊन आलेले ख्रिस्ती लोक बंदरावर उतरत, तेव्हा त्यांना घ्यायला याच बायका जात, त्यांना शहरात आणत, त्यांची सोय लावत. अशा पासष्ट जणांची सेवा त्यांनी केली होती. सेलेरिनस नावाचा रोममधला एक टिकून राहिलेला माणूस त्यांच्यासाठी कार्थेजच्या तुरुंगातल्या मित्राला लिहितो की यांना शांतीची, म्हणजे मंडळीत परत घेण्याची, चिठ्ठी दे. मंडळीतून बाहेर काढलेल्या बायका मंडळीच्याच निर्वासितांना सांभाळत होत्या. दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण, याचा निवाडा इथे कोणी आणि कशाच्या आधारे करायचा?

विरुद्ध बाजू हलकी नव्हती. रोममधला नोव्हेशियन हा त्या काळचा उत्तम धर्मपंडित. त्याचे म्हणणे असे की ज्याने ख्रिस्ताला नाकारले त्याला क्षमा करायची तर देव करील, मंडळीला तो अधिकार नाही. त्याने जन्मभर पश्चात्ताप करावा, पण प्रभुभोजनाला येऊ नये. 251 साली कॉर्नेलियस रोमचा बिशप निवडला गेला तेव्हा नोव्हेशियनने वेगळी चूल मांडली, आणि तुरुंग भोगून आलेले काही जणही सुरुवातीला त्याच्या बाजूला गेले. त्यांच्या मनातली वेदना समजून घ्यायला हवी. तुमचा भाऊ यातनांच्या चौकटीवर ताणला जाऊन मेला आहे, आणि ज्या शेजाऱ्याने धूप टाकून जीव वाचवला तो पुढच्या वर्षी तुमच्या शेजारी बसून भाकर मोडतो आहे. मग भावाच्या मरणाला अर्थ काय उरला? हा प्रश्न विचारणाऱ्याला कठोर म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही.

तरीही नोव्हेशियन चुकला असे मी म्हणतो, कारण मंडळीबाहेर ठेवणे म्हणजे केवळ एका विधीला मुकणे नव्हते. कॉर्नेलियसच्या पत्रातले आकडे पाहा. तेव्हाच्या रोमच्या मंडळीत 46 वडील आणि 7 डीकन, म्हणजे सेवक, होते, आणि मंडळी 1500 हून अधिक विधवा आणि गांजलेल्या लोकांना पोसत होती. ज्या शहरात गरिबाला आजारपणात पाणी द्यायला आणि मेल्यावर मूठमाती द्यायला कोणी बांधील नव्हते, तिथे मंडळी हाच आधार होता. त्याच सुमारास साथीचा भयंकर रोग पसरला आणि पुढे वर्षानुवर्षे साम्राज्यात फिरत राहिला. घरचे लोक रोग्यांना रस्त्यावर टाकत असताना मंडळीतले लोक सेवा करत होते. आणि सिप्रियनच्या छळाच्या काळातल्या पत्रांत मदत देताना विश्वासात टिकून राहिलेल्या गरिबांचा खास उल्लेख येतो. मग जी विधवा टिकली नाही, तिच्या ताटाचे काय? शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची किंमत शेवटी सर्वांत दुबळ्यांनी मोजली असती. ज्याच्याकडे स्वतःची जमीन आणि माणसे आहेत तो मंडळीबाहेरही जगतो.

कार्थेजच्या बिशपांच्या सभेने 251 साली मधला मार्ग काढला. ज्यांनी नुसता दाखला विकत घेतला होता त्यांना चौकशी करून परत घ्यावे, ज्यांनी बळी दिला होता त्यांनी पश्चात्तापात राहावे आणि मरणघडीला त्यांना शांती द्यावी. दोनेक वर्षांतच पुढच्या छळाची चाहूल लागली, तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांनाच परत घेण्याचे ठरले. कारण असे दिले की ज्यांना आपण लढायला सांगणार त्यांना निःशस्त्र, प्रभूच्या रक्तापासून वंचित ठेवून कसे सांगायचे? हा निर्णय भाबडेपणातून आलेला नव्हता. माणसाला परत उभे राहायचे असेल तर आधी त्याला आपल्या माणसांत उभे राहू द्यावे लागते, एवढे त्या बिशपांना कळले होते.

यापुढे एक पाऊल इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप पीटर याने टाकले. सम्राट डायोक्लेशियनने 303 साली सुरू केलेल्या छळाला तीन वर्षे झाली होती. 306 साली त्याने वाकलेल्यांसाठी नियम लिहिले. यातना सोसून मग मोडलेल्यांना वेगळे, नुसत्या तुरुंगाने मोडलेल्यांना वेगळे, काहीही न सोसता भीतीने गेलेल्यांना वेगळे. पैसे भरून सुटका करून घेणाऱ्याला दोषच नाही, कारण त्याने विश्वासापेक्षा पैसा सोडला. आणि एक प्रकार असा होता की वाचताना चीड येते: काही ख्रिस्ती मालकांनी स्वतः न जाता आपल्या ख्रिस्ती गुलामांना आपल्या जागी बळी द्यायला पाठवले. पीटरने गुलामांना एक वर्षाचा पश्चात्ताप सांगितला आणि मालकांना तीन वर्षांचा. मालकाच्या धाकाखाली असलेल्या गुलामाला एक वर्ष तरी कशाला, असे मला वाटते, पण त्या काळात मालकाचे पाप गुलामाच्या पापाच्या तिप्पट ठरवायला धाडस लागत होते. जबरदस्ती राजवाड्यातून निघते खरी, पण माणसापर्यंत ती घरमालक, गावप्रमुख, नवरा, सावकार यांच्या हातून पोचते. पीटरने ही साखळी पाहिली.

मग पुढे या दयेचे काय झाले? इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांविषयी कडू बोलावे लागते. 303 च्या छळात पवित्र ग्रंथ सरकारजमा करायचा हुकूम होता. सिर्ता, म्हणजे आजच्या अल्जीरियातले कॉन्स्टँटिन, इथल्या मंडळीच्या घराची 19 मे 303 रोजी झडती झाली. तिचा पंचनामा उपलब्ध आहे. सोन्याचे दोन आणि चांदीचे सहा पेले, दिवे, आणि गरिबांसाठी साठवलेले दिसतात असे कपडे: बायकांचे 82 झगे, पुरुषांचे 16, बायकांच्या पादत्राणांचे 47 जोड. ख्रिस्ती सेवक एकेक वस्तू आणून देताना त्यात दिसतात. त्यातला सिल्वानस नावाचा उपसेवक चांदीची पेटी आणि दिवा काढून देतो. पुढे छळ संपल्यावर आफ्रिकेत मोठा पक्ष उभा राहिला, त्याचे म्हणणे की ज्याने ग्रंथ दिले त्याच्या हातचा विधी बाद. हे डोनेटस या बिशपचे अनुयायी. आणि 320 साली चौकशी झाली तेव्हा निघाले की सिर्ताचा त्यांचा बिशप तोच सिल्वानस. मी हे त्याची फजिती म्हणून सांगत नाही. ज्या समाजाने एकदा बळजोरी सोसली आहे त्यात पूर्ण स्वच्छ माणसांची यादी करता येत नाही, आणि करायला गेले की माणसे आपला भूतकाळ लपवू लागतात, याचा हा पुरावा आहे.

पण डोनेटसच्या पक्षाने विचारलेला एक प्रश्न शंभर टक्के बरोबर होता: मंडळीच्या कामात सम्राटाचा काय संबंध? ख्रिस्ती धर्माला आश्रय देणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइननंतर दयेची बाजू घेणाऱ्या मंडळीच्या हाती सत्ता आली आणि 405 साली डोनेटस पंथीयांविरुद्ध एकीकरणाचा शाही हुकूम निघाला. दंड, जप्ती, देवळांतून हुसकावणी. आधी जबरदस्तीला विरोध करणाऱ्या, हिप्पोचा बिशप असलेल्या ऑगस्टीननेही तिचे समर्थन केले. ज्यांच्या पूर्वजांनी दाखल्याच्या धाकाने वाकलेल्यांसाठी दार उघडले, त्यांनीच आता दुसऱ्यांना धाकाने आत आणले. वाकलेल्याला क्षमा करण्याची गोष्ट सांगताना हे पान फाडून टाकता येणार नाही. क्षमेचा पाया हाच होता की बळजोरीखाली केलेल्या कबुलीला पूर्ण मोल नसते, आणि तो पाया त्यांनी स्वतःच खणला.

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. मुंबईत 1843 साली श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला. न्यायालयाने लहानग्या श्रीपतला बापाच्या ताब्यात दिले, पण जातीने त्याला घ्यायचे का यावरून शहर पेटले. बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. धर्म वेगळा, दिशा उलटी, पण जांभेकरांसमोरचा सवाल सिप्रियनच्या सवालाचा सख्खा भाऊ होता. पुढे पहिल्या पिढीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी वाळीत पडण्याचे, विहिरी बंद होण्याचे, आईबाप जिवंत असताना पोरके होण्याचे दुःख भोगले. आपण त्यांतल्या टिकलेल्यांची चरित्रे छापतो. आईच्या आसवांपुढे जे परत गेले, त्यांच्याविषयी आपल्या मंडळ्यांत एक तर मौन असते किंवा तुच्छतेचा सूर. हे बदलायला हवे असे मला मनापासून वाटते. मंडळीच्या वार्षिक स्मरणसभेत, रविवारच्या शाळेत, बिब्लिस आणि न्युमेरिया यांची नावे पर्पेतुआच्या बरोबरीने घेतली जावीत.

यावर आक्षेप येईल की अशाने तरुणांचा कणा मऊ होईल, वाकायला काही हरकत नाही असे ते समजतील. त्या काळीही हाच आक्षेप होता. पण वाकलेल्यांची बाजू घेणारे दोघेही जीव वाचवून बसलेले नव्हते. पीटरला 311 साली मारण्यात आले. सिप्रियनला 14 सप्टेंबर 258 रोजी कार्थेजजवळ तलवारीने मारले. शिक्षा सुनावली गेली तेव्हा जमलेले बंधुजन ओरडले, ‘आमचीही मान त्याच्याबरोबर कापा’, आणि त्याच्यामागोमाग वधाच्या जागेपर्यंत गेले. आठ वर्षांपूर्वी ज्या मंडळीतले बहुसंख्य लोक दाखला मिळवायला चौकात धावले होते आणि ज्यांना त्याने परत आत घेतले होते, तीच ही मंडळी.